खाली खाज, जळजळ, पांढरं जाणं: गोळी घ्यायच्या आधी हे वाचा

मी फोंडा तालुक्यात एका छोट्या लॅबमध्ये सोळा वर्षं टेक्निशियन आहे. रक्त, लघवी, थुंकी सगळंच बघते पण आज लिहायचंय ते योनीतून घेतलेल्या स्वॅबबद्दल, म्हणजे कापसाच्या काडीवर घेतलेल्या सॅम्पलबद्दल, कारण त्या पाकिटातला रिपोर्ट घ्यायला बाई येते तेव्हा ती काउंटरवर वाकते आणि म्हणते, बाय, हळू सांग काय आलंय ते. आणि दहातल्या निम्म्या जणींनी तोवर फार्मसीतून दोन-तीन वेळा काहीतरी आणून घेतलेलं असतं. कधी ती एकच मोठी गोळी, कधी ट्यूब, कधी शेजारच्या वहिनीची उरलेली औषधं. थोडं बरं वाटतं, पंधरा दिवसांनी परत तेच.

यामागचं कारण अगदी साधं आहे. खाज, जळजळ, वास, पांढरं जाणं ही तक्रार एकच वाटते पण तिच्या मागे चार-पाच वेगवेगळे आजार असतात आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. या सगळ्याला मिळून डॉक्टर व्हजायनायटिस म्हणतात, म्हणजे योनीमार्गाला आलेली सूज. सूज कशाने आली ते कळल्याशिवाय औषध घेणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

आधी नॉर्मल काय ते बघू, कारण बऱ्याच जणी नॉर्मललाच आजार समजून वर्षानुवर्षं घाबरून असतात. वयात आल्यापासून पाळी जाईपर्यंत योनीतून थोडा स्राव रोज जाणारच. पाळीच्या मधल्या दिवसांत तो अंड्याच्या पांढऱ्यासारखा पारदर्शक आणि ताणला जाणारा होतो, पाळी जवळ आली की घट्ट आणि पांढरट होतो, चड्डीवर सुकला की पिवळसर डाग दिसतो. खाज नाही, घाण वास नाही, दुखत नाही, तर तो आजार नाही. आपल्याकडे जुन्या बायका याला धुपणी म्हणतात आणि म्हणतात यातून अंगातली ताकद जाते, हाडं झिजतात. तसं काही नसतं हो, हाडांचा आणि याचा काही संबंध नाही. योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू राहतात, दूध विरजणाऱ्यांच्याच कुळातले, ते तिथे आंबटपणा धरून ठेवतात, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ३.८ ते ४.५ च्या दरम्यान, आणि त्या आंबटपणात वाईट जंतूंना वाढता येत नाही. म्हणजे आतली सफाई चोवीस तास आपोआप चालू असते, तुम्ही काही करायचं नसतं.

ही घडी बिघडली की मग तक्रारी सुरू होतात. मी स्लाइडवर, म्हणजे मायक्रोस्कोपखालच्या काचपट्टीवर, जे बघते त्या क्रमाने सांगते.

पहिला यीस्ट, म्हणजे कॅन्डिडा नावाची बुरशी. चारपैकी तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी होतोच, म्हणून लाजायचं काही कारण नाही. यात मुख्य त्रास खाजेचा, तोही रात्री झोप उडवणारा. बाहेरची कातडी लाल होते, सुजते, बारीक चिरा पडतात, लघवी तिथे लागली की झोंबते, संबंधाच्या वेळी दुखतं. स्राव घट्ट, फाटलेल्या दुधासारखा गुठळ्या-गुठळ्यांचा. वास मात्र जवळजवळ नसतो, हे लक्षात ठेवा. अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर, गरोदरपणात, शुगर वाढलेली असताना हा हमखास डोकं वर काढतो.

दुसरा बॅक्टेरियल व्हजायनोसिस, डॉक्टर नुसतं बीव्ही म्हणतात. मूल होण्याच्या वयातल्या बायकांमध्ये सगळ्यात जास्त हाच आढळतो आणि सगळ्यात जास्त चुकीचं औषध यालाच दिलं जातं. खाज कमी किंवा नाहीच, स्राव पातळ, राखाडी-पांढरा आणि वास मासळीसारखा, पाळीनंतर किंवा संबंधानंतर जास्त. आता आपल्या गोव्यात हा वास लपतो बघा. एक बाई मला म्हणाली की मी महिनाभर समजत होते मासळी धुतल्याचा वास हाताला, साडीला लागून राहतोय, रोज दोनदा साबणाने अंघोळ करत होते, मग एका सोमवारी मासळी घरात आलीच नाही तरी वास होता तेव्हा कळलं. बीव्हीत बाहेरून कुठलं नवीन भूत येत नाही, आतले चांगले जंतू कमी होतात आणि एरवी थोडे असणारे दुसरे जंतू माजतात, पीएच ४.५ च्या वर जातो. मायक्रोस्कोपखाली हे फार स्पष्ट दिसतं. योनीच्या पेशी एरवी स्वच्छ कडांच्या, चपट्या असतात. बीव्हीत त्यांच्यावर जंतूंचा असा थर बसतो की कडा दिसेनाशी होते, सुरमईची तुकडी तळायच्या आधी रव्यात घोळवली की कशी दिसते, अगदी तशी. नवीन मुलगी कामाला आली की मी तिला असंच शिकवते, रवा लावलेली पेशी शोध, सापडली तर लिही.

तिसरा ट्रायकोमोनास. हा एकपेशी परजीवी संबंधातून येतो. स्राव पिवळट-हिरवट, कधी फेसाळ, वास येतो, खाज आणि जळजळ दोन्ही. स्लाइड ताजी असेल तर हा हलताना दिसतो, नाशपातीच्या आकाराचा, शेपट्या फडफडवत एकाच जागी थरथरतो. स्लाइड थंड झाली की तो हलायचा थांबतो आणि मग ओळखणं कठीण, म्हणून स्वॅब घेतल्या-घेतल्या बघावा लागतो. दुपारभर ट्रेमध्ये पडलेल्या सॅम्पलवर निगेटिव्ह लिहिलं गेलं तर त्यावर फार विश्वास ठेवू नका. यात नवऱ्यालाही औषध घ्यावंच लागतं, त्याला काहीही त्रास नसला तरी, आणि पुरुषांना बहुतेक वेळा त्रास नसतोच. दोघांचा कोर्स संपून त्रास जाईपर्यंत संबंध नको. हेही सांगते की हा महिनोन्महिने गुपचूप राहू शकतो, त्यामुळे रिपोर्ट हातात पडला त्याच दिवशी घरात कोण कुठे गेलं होतं याचा निवाडा करायला बसू नका, आधी दोघं औषध घ्या.

चौथ्या प्रकारात जंतू नसतोच आणि इथे माझीच गोष्ट सांगते. चार वर्षांपूर्वी मला भयंकर खाज सुटली. मी एवढी लॅबवाली, स्वतःची स्लाइड न बघता थेट फार्मसीतून बुरशीवरची गोळी, फ्लुकोनाझोल, आणून घेतली. आठवड्याने परत एक. मग एक क्रीम. तीन महिने गेले. शेवटी आमच्या डॉक्टर मॅडमनी तपासलं, स्वॅब साफ निघाला, आणि त्यांनी विचारलं की पॅड बदललं का. बदललं होतं, सुगंधवालं घेत होते, वर एक इंटिमेट वॉश सुरू केला होता. दोन्ही बंद केलं आणि दहा दिवसांत खाज गेली. कातडीला साबण, सेंट, डेटॉल, कपड्याची पावडर, केस काढायचं क्रीम, कधी कंडोमचं लॅटेक्ससुद्धा सहन होत नाही आणि ती बुरशीसारखीच खाजते. तीन महिन्यांच्या गोळ्यांचा काही उपयोग नव्हता.

पाचवा प्रकार पाळी गेलेल्या बायकांचा, आणि यावर कोणी बोलतच नाही. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी झालं की योनीचं आतलं अस्तर पातळ आणि कोरडं होतं, जळजळ, संबंधाला दुखणं, वारंवार लघवीला लागणं. बाळंतपणानंतर अंगावर पाजतानासुद्धा काहींना असंच होतं. याला बुरशीचं औषध लावून काही होत नाही. डॉक्टर योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम देतात, थोड्याच प्रमाणात, त्याने खूप फरक पडतो, फक्त पूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर ते आधी सांगायला हवं. साधं जेल वंगणाला चालतं. पाळी जाऊन वर्ष उलटलंय आणि रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी मात्र ते कोरडेपणावर ढकलू नका, त्याच आठवड्यात दाखवा.

जळजळ लघवीची की योनीची, हा गोंधळ खूप होतो. लघवी बाहेर येऊन कातडीला लागल्यावर झोंबत असेल तर त्रास बाहेरचा. लघवी होताना आतून जळतं, सारखं लागतं, थेंबथेंब होतं तर बहुतेक लघवीचं इन्फेक्शन, त्याची टेस्ट वेगळी.

आता तपासणीला जायचं कसं. पाळीच्या दिवसांत नको. आदल्या दिवसापासून आत कुठलंही क्रीम, गोळी नको, संबंध नको, आणि आत पाणी मारून धुऊन येऊ नका, हे मी हात जोडून सांगते कारण डॉक्टरकडे जायचं म्हणून बायका अगदी घासून-पुसून येतात आणि मग स्लाइडवर काही उरतच नाही. तपासणी दोन मिनिटांची, थोडं अवघडल्यासारखं होतं, दुखत नाही सहसा. डॉक्टर पट्टीवर पीएच बघतात, एक थेंब सलाइनमध्ये आणि एक पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये घालून स्लाइड बघितली जाते, त्या दुसऱ्या थेंबाने बीव्हीचा वास एकदम उठतो आणि बुरशीचे धागे स्पष्ट होतात. लग्न झालेलं नसेल तर तसं सांगा, आतून तपासणी न करताही सॅम्पल घेता येतं, लग्न झालं नाही म्हणून त्रास सहन करत बसायचं नाही. बाईच डॉक्टर हवी असं मागायचा तुम्हाला हक्क आहे, सोबत बहिणीला किंवा मावशीला आत घ्यायचाही. खर्चाची काळजी असेल तर म्हापशाचं आझिलो, मडगावचं हॉस्पिसियो, बांबोळी, या सगळ्या सरकारी हॉस्पिटलांत बायकांची ओपीडी आहे, गावच्या आरोग्य केंद्रातूनही सुरुवात करता येते. सरकारी क्लिनिकमध्ये लॅब नसेल तर कधी लक्षणांवरून हिरव्या रंगाचं एक किट देतात, त्यात सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल असतं, म्हणजे बीव्ही, ट्रायकोमोनास आणि बुरशी तिन्हींवर एकदम. ते घेऊनही त्रास राहिला तर परत जायचं, तेच किट दुसऱ्यांदा मागून आणायचं नाही.

औषधं साधारण अशी असतात, पण ठरवणार डॉक्टर. बुरशीला योनीत ठेवायची क्लोट्रिमाझोलची गोळी किंवा फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅमची एक गोळी तोंडाने. गरोदर असाल तर तोंडाची गोळी नको, योनीत ठेवायचीच, ७ दिवस. बीव्हीला मेट्रोनिडाझोल, नेहमीचा कोर्स ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा ७ दिवस, किंवा योनीत लावायचं क्लिंडामायसिन. ट्रायकोमोनासलाही मेट्रोनिडाझोलच. या गोळीने तोंडाला लोखंडासारखी चव येते, मळमळतं, जेवणानंतर घेतली की बरं, आणि घरी लग्नकार्य असलं तरी कोर्स चालू असताना दारू नको असं डॉक्टर सांगतात. तिसऱ्या दिवशी वास गेला म्हणून गोळ्या सोडणाऱ्या खूप, त्या महिनाभरात परत येतात.

योनीत ठेवायची गोळी रात्री झोपताना ठेवायची. हात धुवा, पाठीवर झोपून गुडघे वर घ्या, गोळी ॲप्लिकेटरने किंवा बोटाने जमेल तितकी आत सरकवा, आणि नंतर उठून फिरू नका. पातळ साधं पॅड लावा कारण सकाळी चड्डीवर पांढरा खडूसारखा चुरा दिसतो. तो औषधाचाच उरलेला भाग, पांढरं जाणं वाढलं असं समजून घाबरून दुसऱ्या दिवशी बंद करू नका. योनीत लावायची क्रीमं बहुतेक तेलकट असतात, कंडोम कमकुवत होतो, तेवढे दिवस त्यावर भरवसा नको.

परत-परत होतं त्याचं काय, हा प्रश्न सगळ्यात जास्त. वर्षात तीन किंवा जास्त वेळा बुरशी झाली तर एक-एक गोळीने भागत नाही, डॉक्टर आठवड्याला एक असं ६ महिने देतात आणि बुरशीची कल्चर करून, म्हणजे ती लॅबमध्ये वाढवून, तिची जात बघतात. आणि शुगर तपासा. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या (देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मोठ्या सर्व्हेत मधुमेहात गोवा देशात पहिला होता, २६.४ टक्के, म्हणजे चारातला एक. माझ्याकडे अशा किती तरी बायका आल्यात ज्यांची शुगर पहिल्यांदा कळली ती याच खाजेमुळे. शिवाय शुगरच्या काही नव्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, ज्यांच्या नावाच्या शेवटी ग्लिफ्लोझिन येतं, त्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात आणि त्यामुळे तिथे बुरशी वाढते. गोळी स्वतःहून थांबवू नका, पण खाज सुरू झाल्याचं शुगरच्या डॉक्टरला सांगा. आपण काय करतो, शुगरवाल्याला खाज सांगत नाही आणि बायकांच्या डॉक्टरला शुगरची गोळी सांगत नाही.

बीव्ही तर औषध पूर्ण घेऊनही वर्षभरात अर्ध्याहून जास्त जणींना परत होतो, तुमचं काही चुकलं म्हणून नव्हे. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला, त्यात बाईबरोबर तिच्या नवऱ्याला किंवा जोडीदारालाही ७ दिवस गोळी आणि लावायचं क्रीम दिलं, तर १२ आठवड्यांत परत होण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ वर आलं. इतकी वर्षं बीव्हीत नवऱ्याला औषध द्यायचं नाही असंच चालत होतं. तुम्हाला सारखा होत असेल तर डॉक्टरला हे नक्की विचारा.

आता आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर गोव्यात कपडे वाळतच नाहीत आणि त्यातही चड्ड्यांची दशा सगळ्यात वाईट, कारण त्या आपण उघड वाळत घालत नाही. दोरीवर टॉवेल, टॉवेलखाली परकर आणि परकराखाली चड्डी, तीन दिवसांनी काढली तरी हाताला गार लागते, कुबट वास येतो, आणि तीच घालून बाई आठ तास कंपनीत उभी. उघड्यावर, वाऱ्याला घाला, कोणाला काय वाटायचं ते वाटू दे. वाळली नाही तर इस्त्री फिरवा, गरम आणि कोरडी होते. कॉटनच्या दोन-चार जास्त घेऊन ठेवा. भिजून घरी आलात तर आधी ती बदला, चहा नंतर. कुंडई, वेर्णा, बेतोडा इथल्या कंपन्यांत काम करणाऱ्या मुली सांगतात की शिफ्टमध्ये पॅड बदलायला सुट्टीच मिळत नाही, तर चार-सहा तासांनी पॅड बदलणं ही चैन नाही, सुपरवायझर बाईला सरळ सांगा.

धुण्याचं म्हणाल तर बाहेरून साधं पाणी, पुढून मागे, कोरडं पुसायचं, संपलं. आत काही नको. तुरटीचं पाणी नको, डेटॉल नको, कडुलिंबाची वाफ नको, दही नको, लसूण तर अजिबात नको. आतलं धुतलं की आंबटपणा जातो आणि बीव्हीला आयतं घर मिळतं. आजी तांदळाचं धुवण प्यायला देते ते प्या खुशाल, त्याने इन्फेक्शन जाणार नाही एवढं मनात ठेवा.

आणखी एक गोष्ट, आपल्या गोव्यातलीच, म्हणून जास्त महत्त्वाची. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगात संस्थेच्या डॉ. विक्रम पटेल यांच्या टीमने हळदोणे भागात अडीच हजारांच्या आसपास बायकांचा अभ्यास केला. त्यात दिसलं की पांढरं जाण्याची तक्रार करणाऱ्या कितीतरी जणींना इन्फेक्शन नव्हतंच, आणि त्या तक्रारीचं जास्त घट्ट नातं मनाच्या ताणाशी, उदासीशी निघालं. कारण विचारलं तर बायकांनी स्वतःच टेन्शन आणि अंगातली उष्णता ही कारणं सांगितली होती. याचा अर्थ त्या खोटं बोलत होत्या असा नाही. शरीर थकलेलं असतं, घरात मार असतो, झोप नसते, आणि दवाखान्यात सांगायला जागा असलेला शब्द म्हणजे पांढरं जातंय. म्हणून दोन-दोन रिपोर्ट साफ आले, तरी त्रास आहे, तर चौथं अँटिबायोटिक मागू नका, डॉक्टरला झोपेबद्दल, घराबद्दल सांगा. औषध त्यावरही असतं.

थांबायचं नाही अशी लक्षणं: ताप आणि ओटीपोटात दुखणं, संबंधानंतर रक्त, गरोदर असताना वास किंवा पाणी जाणं, फोड किंवा जखमा. बीव्हीचा आणि दिवस भरायच्या आधी बाळंत होण्याचा संबंध आहे, म्हणून गरोदरपणात वाट बघू नका. लहान मुलगी खाली खाजवते तर जंतही असू शकतात, पण रक्त किंवा घाण वास असेल तर लगेच डॉक्टरकडे न्या आणि तिला रागावू नका.

तोंडाने सांगायला जमत नसेल तर चिठ्ठी लिहून न्या. गेल्या पावसात डिचोलीकडची एक काकी अशीच आली होती, वहीचं पान घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलेलं. त्यावर लिहिलं होतं: १५ दिवस झाले. खाज नाही, वास आहे. रंग राखाडी. पाळी ५ तारखेला. शुगरची गोळी चालू, नाव मागे लिहिलंय. आधी दोनदा एक मोठी गोळी घेतली, फरक नाही. डॉक्टरनी ते पान वाचलं, एक शब्द जास्त विचारायला लागला नाही, स्वॅब लिहून दिला, आणि अर्ध्या तासात माझ्या मायक्रोस्कोपखाली रव्यात घोळवलेल्या पेशी होत्या.